पदर पुढं करा, मॅडम

त्या दिवशी आईला पहिल्यांदा खुर्ची मिळाली.

भोपाळच्या सरकारी कारखान्याची टाउनशिप. कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर संक्रांतीचं हळदीकुंकू. तिथल्या मराठी मंडळाच्या बायका दर वर्षी जमायच्या आणि दर वर्षी आईही तिथं असायची. मागच्या व्हरांड्यात, नळापाशी, कपबशा विसळायला. निघताना तिला तिळगूळ मिळायचा, कागदाच्या पुडीत, वरून हातात टाकलेला. वाण कधी मिळालं नाही. कुंकवाचं तर नावच सोडा.

त्या वर्षी मात्र मॅडम स्वतः फाटकापर्यंत आल्या. मॅडम म्हणजे साहेबांची बायको, मंडळाची अध्यक्ष. "या, या, आत या," म्हणाल्या. आईला समोरच्या दारानं हॉलमध्ये नेलं, खुर्ची दिली. मला म्हणाल्या, "तू पण बस गं." जमलेल्या बायका वळून बघायला लागल्या. आई खुर्चीच्या कडेवर टेकली होती, पूर्ण बसायची तिची हिंमत होईना. मॅडमनी तिला कुंकू लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, "पदर पुढं करा."

आईनं केला. मॅडमनी पदरात तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला, वर एक साडी ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"झालं गेलं विसरायचं. उद्या पोलीस ठाण्यात जाऊन तेवढं मिटवून टाका. आणि खरं सांगू का, तुमच्या लोकांत या गोष्टीचं एवढं काही नसतं."

एक बाई चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होती. ती खात राहिली.

काय विसरायचं होतं ते सांगते. मी तेव्हा टायपिंग शिकत होते. साहेबांना घरी रिपोर्ट टाइप करून द्यायला मुलगी हवी होती. बाबांना केवढा आनंद! साहेबांच्या घरी, तेही खुर्चीवर बसून काम. मी जायला लागले. एक दिवस मॅडम माहेरी नागपूरला गेलेल्या होत्या. साहेबांनी दार लावलं. त्यापुढचं मी इथं सांगणार नाही. ठाण्यात सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, कोर्टात तर त्यांच्या वकिलानं मजा घेत घेत पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. आता पुरे. ते ऐकल्याशिवाय ज्याचा विश्वास बसत नाही, त्यानं पुढं वाचूच नये.

मी घरी आले तेव्हा आईनं बघूनच ओळखलं. एक शब्द विचारला नाही. बंब पेटवला, मला न्हाऊ घातलं, लहानपणी घालायची तसं, घासून घासून. मग माझी सलवार-कमीज सोड्यात भिजवली. बडवून बडवून धुतली, रडत रडत पिळली आणि मागच्या तारेवर वाळत घातली.

आमच्या आईला स्वच्छतेचं वेड होतं. का नसणार? आम्ही बौद्ध, वर्ध्याकडचे. बाबा फाउंड्रीत हेल्पर. शाळेत बाई माझी वही चिमटीत धरून परत द्यायच्या. टाउनशिपच्या नळावर आमची बादली भरून झाली की पुढची बाई आधी तोटी धुवायची, मग स्वतःची बादली लावायची. कुणी तोंडानं काही बोलायचं नाही, नुसती तोटी धुवायची. म्हणून आई रोज सकाळी आमच्या माना, कोपरं, नखं तपासायची. क्वार्टरच्या फरशीवर जेवावं अशी ती फरशी ठेवायची. आम्हाला घाण म्हणून म्हणून या लोकांनी माझ्या माऊलीला इतकं स्वच्छ करून सोडलं होतं, की त्यांच्याच माणसाविरुद्धचा पुरावा तिनं आपल्या हातानं धुऊन वाळत घातला.

बाबा तसे मुके. भोंगा वाजला की जायचे, भोंगा वाजला की यायचे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्युटी सोडली, मला सायकलच्या मागं बसवलं आणि ठाण्यात नेलं. तिथला रपट, म्हणजे तक्रार, लिहून घेणारा मुन्शी म्हणाला, "इतने बड़े साहब का नाम ले रही है, सोच ले." मी म्हटलं, लिहा. मग त्यानं विचारलं, "कपड़े कहाँ हैं?" बाबा म्हणाले, धुतले. मुन्शी हसला. ते हसू मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचंही नाही.

तिथून दवाखान्यात. टाउनशिपचाच मोठा दवाखाना. डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, माझ्यावरून नर्सशी बोलत होत्या. तिथं एक आया होती, नसीम आपा. बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, तोंडात कायम सुपारी. तिनं माझ्या अंगावर चादर नीट ओढली आणि हळूच विचारलं, "खाना खाया?" मी नाही म्हटलं. तिनं आपल्या डब्यातली पोळी गुंडाळून माझ्या हातात दिली. दिवसभरात मला विचारलेला तो पहिला माणसासारखा प्रश्न होता.

मग सुरू झालं. बाबांना ऑफिसात बोलावणं आलं. क्वार्टर कारखान्याचं आहे, म्हणाले, कारखान्याच्या मनात येईल तेव्हा खाली होतं. युनियनचा नेता घरी आला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, बात मत बढ़ाओ. लड़की की शादी भी तो करनी है." नळावरच्या बायका आधी नुसती तोटी धुवायच्या, आता मी दिसले की बोलणंच थांबायचं. आणि मग ते आमंत्रण आलं, हळदीकुंकवाचं. आईनं ठेवणीतलं पातळ काढलं. नाही म्हणायचं कसं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आम्ही ओटीबिटी मानत नाही. तरी त्या दिवशी बंगल्यापासून क्वार्टरपर्यंत आई तो पदर दोन्ही हातांनी धरून चालली. मी म्हटलं, टाक ते. ती म्हणाली, "रस्त्यावर कसं टाकू, बाई? लोक पाहून राहिले." घरी येऊन तिनं सगळं ओट्यावर ठेवलं. नारळ, खण, साडी, तांदूळ वाटीत. बाबा कामावरून आले, बघितलं आणि तसेच उभे राहिले.

"घेतलं?"

"मंग काय करू? साऱ्यायच्या समोर पदरात टाकलं तिनं."

"म्हणजे मिटलं," बाबा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

मॅडमना तेच हवं होतं. पैसे दिले असते तर कुणी लाच म्हटलं असतं. धमकी दिली असती तर कुणी साक्ष दिली असती. ओटी भरली. हॉलभर सवाष्णींच्या साक्षीनं, हसतमुखानं, तिळगुळासकट. संध्याकाळपर्यंत टाउनशिपभर झालं, की त्यांनी ओटी घेतली, आता काय राहिलं? कसलं डोकं हो त्या बाईचं! मला अजून कधी कधी तिचं नवल वाटतं. राग तर येतोच.

खरं सांगते, मी पण संपले होते. वाटलं, जाऊ दे. बाबांची नोकरी राहील, आई नळावर जाऊ शकेल. मी झोपून राहीन, कुणी मला उठवू नये, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीम आपा आली. सोबत दुलारीबाई होती. दुलारी छत्तीसगढची. तिचा नवरा कारखान्यातच अपघातात गेलेला, आणि ती टाउनशिपच्या रस्त्यांवर झाडू मारायची. दोघींनी एक मोठी पिशवी भरून मटार आणले होते. थंडीच्या दिवसांत टाउनशिपमध्ये बायका असंच करायच्या. क्वार्टरच्या पायरीवर उन्हाला बसायचं, मटार सोलायचे, स्वेटर विणायचे. पण आमच्या पायरीवर आजवर कुणी येऊन बसलं नव्हतं. या दोघी बसल्या. मटार ओतले आणि सोलायला लागल्या, जणू रोजचंच आहे.

आपाची नजर आत ओट्यावर गेली. "ये नारियल काहे का है?"

मी सांगितलं.

"किसने लिया?"

"आईनं."

आपानं चष्मा वर केला. "हुआ तेरे साथ. और सुलह ली अम्मा ने?"

आई आत स्टोव्हला पिन मारत होती, तिचा हात थांबला. मग आपा म्हणाली, "देख बेटा. तुझे रपट वापस लेनी है तो ले, हम साथ चलेंगे. नहीं लेनी तो मत ले, हम तब भी साथ चलेंगे. तू बता, तुझे क्या करना है?"

मला. काय. करायचंय.

सांगते, तोवर हे कुणीही विचारलं नव्हतं. मुन्शीनं नाही, डॉक्टरीणबाईंनी नाही, युनियनवाल्यानं नाही. आईबाबांनीही नाही, आणि त्यांचा जीव होता माझ्यावर. सगळे माझ्याबद्दल ठरवत होते. मी म्हणजे काहीतरी सांडलं होतं आणि ते कुणी पुसायचं एवढाच वाद चालला होता. मी पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. दुलारीनं माझ्या मांडीवर मटारांचा ढीग सरकवला. रड, पण हात चालव, असा. थोड्या वेळानं मी म्हटलं, "नहीं लूँगी वापस."

"तो हम यहीं बैठे हैं," आपा म्हणाली.

आणि बसल्या. रोज. आपाची ड्युटी असेल तेव्हा दुलारी, दुलारीची असेल तेव्हा आपा. मग आपाच्या ओळखीची एक नर्स आली, शेजारच्या ब्लॉकमधली एक तेलुगू बाई आली विणकाम घेऊन. ती तर नुसती ऊन चांगलं पडतं म्हणून आली होती, नंतर सगळं कळल्यावरही उठली नाही. नियम एकच होता. या घरात कुणी काही सांगायला आलं तर ते पायरीवर, सगळ्यांसमोर सांगायचं. आत बसून, बाजूला घेऊन, कानात, काही चालणार नाही.

युनियनचा नेता पुन्हा आला. म्हणाला, भाऊंशी जरा खाजगी बोलायचंय. आपा म्हणाली, "बैठिए नेताजी, मटर छीलिए, बोलिए." तो घुटमळला, थंडी फार आहे म्हणाला आणि गेला. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते मला माहीत नाही. दाबायला येणाऱ्या माणसाला कोपरा लागतो, हे मला तिथं कळलं. चार बायकांसमोर त्याच्या तोंडून ते वाक्यच निघत नाही.

मग मॅडमच आल्या. पांढऱ्या ॲम्बेसडरमधून, मंडळाच्या आणखी एका बाईंना घेऊन. रपट अजून मागे घेतलेली नव्हती, म्हणून आल्या. आमच्या ब्लॉकमध्ये अशी गाडी कधी आली नव्हती, पोरं धावली बघायला. मॅडम पायरीपाशी थांबल्या. वर चढायला जागा नव्हती, टरफलं पसरलेली होती.

"आत बसून बोलूया का?" त्या मला म्हणाल्या.

"इथंच बोला, मॅडम."

"अगं, खाजगी आहे."

दुलारीनं मान वर न करता म्हटलं, "वहाँ तो सबके सामने बोली थीं, बाई. यहाँ काहे की शरम?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी आईकडे बघितलं. "तुम्ही तरी सांगा हिला. ओटी घेतलीत ना तुम्ही?"

मी आत गेले. ओट्यावरून सगळं उचललं आणि बाहेर आले. मॅडमसमोर उभी राहिले.

"पदर पुढं करा, मॅडम."

आणि बघा, त्यांनी केला! सवयीनं. समोर तांदूळ-नारळ धरलेली बाई दिसली की हात आपोआप पदराला जातो, जन्मभराची सवय असते. त्यांच्या लक्षात यायच्या आत मी नारळ पदरात ठेवला. खण ठेवला. साडी ठेवली. तांदूळ वाटीतून ओतले, एक दाणा ठेवून घेतला नाही.

"तुमचं तुम्हाला परत. रपट मागे घेणार नाही. आणि आमच्या लोकांत या गोष्टीचं काय असतं, ते आता कोर्टात ऐका."

माझा आवाज फाटला होता. पण ऐकू गेलं, सगळ्या ब्लॉकला. मॅडम तसाच भरला पदर धरून वळल्या. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला. माझी आई, जी खुर्चीवर पूर्ण टेकली नव्हती, ती म्हणाली, "आन् कपबशा आता तुमच्या तुमीच विसळजा."

हे सांगितलं की ऐकणारे टाळ्या वाजवतात. मला आवडत नाही. कारण पुढचं कुणाला ऐकायचं नसतं.

पुढं बाबांची बदली कारखान्याच्या दूरच्या युनिटमध्ये झाली, क्वार्टर गेलं. आम्ही भोपाळातच, आनंद नगरमध्ये एका खोलीत राहायला आलो. बाबा तिकडे एकटे, सणाला घरी. केस वर्षानुवर्षं चालली. तारखेला कधी न्यायाधीश नसायचे, कधी साहेबांचे वकील, साहेब तर नसायचेच. प्रत्येक तारखेला माझ्यासोबत कुणीतरी बाई असायची, एकदाही मला एकटीनं त्या बाकावर बसू दिलं नाही. शेवटी साहेब सुटला. पुरावा नाही म्हणे. कपडे धुतलेले. साहेब सन्मानानं रिटायर झाला, निरोप समारंभ झाला, हार घातले. मॅडमचं हळदीकुंकू शेवटपर्यंत चालू होतं. कपबशा कुणी विसळल्या, माहीत नाही.

आई जाईपर्यंत एकच म्हणत राहिली, "तुये कपडे म्या धुतले." मी म्हणायची, आई, तुझ्यामुळं नाही गेली केस. ती ऐकून घ्यायची. रात्रीचा भात खाता खाता पुन्हा म्हणायची. तेवढं एक ओझं मी तिच्या डोक्यावरून उतरवू शकले नाही. साहेबाला माफ करणं तर सोडाच, या एका गोष्टीसाठी मी त्याला दुसऱ्यांदा कोर्टात उभं केलं असतं.

पायरीवरची ती बैठक मात्र चालू राहिली. ठरवून नाही. आनंद नगरमध्ये एका पोरीवर प्रसंग आला, तिची आई आपाकडे आली. आपा मला म्हणाली, चल. मी गेले. मग दुसरी, मग आणखी कुणी. कधी ठेकेदार, कधी शिकवणीचा सर, कधी सख्खा काका. पहिलं काम काय, तर आईला सांगायचं, कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा, पोरीला सध्या न्हाऊ घालू नका. हे सांगताना माझी जीभ दर वेळी जड होते. मग पोरीला विचारायचं, जेवलीस का? आणि मग, तुला काय करायचंय? काही पोरी म्हणतात, काही नाही करायचं. मग नाही करायचं. आम्ही तरी बसतो. तिला धीर येईपर्यंत, किंवा ती आता जा म्हणेपर्यंत.

एकदा एम. पी. नगरच्या एका संस्थेच्या ऑफिसातून शिकलेल्या मुली आल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. विचारायला लागल्या, तुमचं मॉडेल काय आहे? आपा म्हणाली, "मॉडल-वॉडल नहीं बेटा, मटर है." त्या हसल्या. मग त्यातली एक खरंच येऊन बसायला लागली.

आता आपा नाही. दुलारी म्हातारपणी मुलाकडे रायपूरला गेली. टाउनशिप अर्धी ओस पडली आहे, आमच्या जुन्या ब्लॉकच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. माझे गुडघे गेले, साखर वाढली. गेल्या वर्षी मी मनाशी म्हटलं, बस झालं. किती बसायचं? किती दारं? प्रत्येक ठिकाणी तीच गोड बोलणारी माणसं, तोच मिठाईचा डबा, तेच "लड़की की शादी भी तो करनी है". एवढ्या वर्षांत त्या लोकांनी एक वाक्यसुद्धा बदललं नाही. आणि सुटतात. बहुतेक सुटतात. हे मी लपवत नाही. कधी कधी वाटतं, आपण नुसतीच टरफलं गोळा केली.

परवा शहराच्या टोकाच्या मिसरोदहून फोन आला. एका पोरीची आई. पोरगी एका मोठ्या घरी स्वयंपाकाला जायची. रपट लिहिलेली आहे. बाई कुजबुजत होती, "मावशी, त्या घरचे लोक आलेत. मिठाई आणलीय, माझ्यासाठी साडी आणलीय. आत बसलेत. काय करू?"

मी पलंगावर आडवी होते. पायाला तेल लावलेलं. डोळे मिटले आणि खरंच म्हणणार होते, दुसऱ्या कुणाला बोलाव बाई, माझ्यानं होत नाही. तोंडापर्यंत आलं होतं. मग मला ते ओट्यावरचं सामान दिसलं. विचारलं, "पोरगी काय म्हणते?"

"ती म्हणते, नाही घ्यायचं."

"मग त्यांना म्हणावं, बाहेर पायरीवर या. मी पोचते."

मटारचे दिवस नव्हते. मी टोपलीतला लसूण पिशवीत टाकला, शेजारच्या दोघींना हाका मारल्या आणि रिक्षा केली. वाटेत चढउतार करताना गुडघ्यानं जीव काढला. पोचलो तेव्हा ते लोक अजून आतच होते. चांगल्या कपड्यातला एक माणूस, त्याची बहीण, साडी पिशवीतून अर्धी बाहेर. मी उंबऱ्यातच बसकण मारली, ओच्यात लसूण ओतला. दोघी माझ्या शेजारी बसल्या. पोरगी आतून बघत होती, भिंतीला चिकटून.

तो माणूस म्हणाला, "आंटीजी, हम बाद में आते हैं. अकेले में बात करेंगे."

"अकेले में कुछ नहीं है," मी म्हटलं. "बैठो. जो बोलना है, यहीं बोलो. लड़की सुन रही है."

तो साडीची पिशवी गोळा करायला लागला. माझी कंबर भरून आली होती. आत पोरीनं आईच्या हातातून मिठाईचा डबा घेतला, बाहेर आणला आणि त्या माणसाच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि लसूण सोलायला घेतला.

ते उद्या पुन्हा येतील. येऊ देत. केस पडेल, तीही पडू दे, आम्ही वरच्या कोर्टात जाऊ. मी थकलेली आहे आणि थकलेलीच उद्या सकाळी या दारात येऊन बसणार आहे. माझ्यावरून ओलांडल्याशिवाय या घरात कुणाच्याही पदरात काही पडणार नाही.